हिरव्या रकान्यातले नऊ दिवस

हेमलताचं डोकं सणकलं ते रविवारी दुपारी, मुलाच्या टीव्हीसमोर बसल्या बसल्या. टीव्हीवर कसलंही भांडण चाललेलं नव्हतं. टीव्हीवर एक तक्ता होता. ध्रुवनं, तिच्या एकुलत्या एका मुलानं, बालीच्या सहलीचा नऊ दिवसांचा तक्ता लॅपटॉपवर केला होता आणि सगळ्यांना एकदम दिसावा म्हणून टीव्हीला जोडला होता. बंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या त्या उंच इमारतींमधली माणसं भाजी आणायची असली तरी आधी तक्ता करतात. करोत बापडी.

डावीकडे तारखा होत्या, वरती घरातल्या पाच जणांची नावं. समुद्रात खोल उतरायचे कार्यक्रम निळ्या रकान्यांत, जमिनीवरचे हिरव्या. ध्रुव निळा. सून केतकी निळी. नात ईरा पाच वर्षांची, ती हिरवी, ते योग्यच. उपेंद्रराव, म्हणजे हेमलताचे यजमान, तेही हिरवे. त्यांना पाण्याची भीती, शॉवरखालीसुद्धा ते भिंतीला हात लावून उभे राहतात. आणि हेमलता? पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत हिरवी.

तिनं चष्मा पुसून एकेक ओळ वाचली. डोंगरावरचं देऊळ. भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेतं. फुलपाखरांची बाग. मिठागर. पायांना मालिश. सहाव्या दिवशी स्वयंपाकाचा वर्ग. चाळीस वर्षं दोन्ही वेळचं रांधून घातलेल्या बाईला विमानात बसवून समुद्रापलीकडे न्यायचं आणि तिथं तिला कांदा चिरायला शिकवायचा! आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, बारीक अक्षरात, तेच तेच: ‘ईरा आजीबरोबर’. नऊच्या नऊ दिवस. म्हणजे ही सहल नव्हे, बदलीवर पाठवलेली पाळणाघरातली बाई आहे मी, असं तिच्या मनात आलं आणि कानशिलं तापली.

“माझं निळं कुठंय?” तिनं विचारलं.

ध्रुव केतकीकडे बघायला लागला आणि केतकी ईराच्या रिबिनीकडे.

आता हे निळं तिनं हवेतून मागितलेलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी ध्रुव आणि केतकी पाण्याखाली बुडी मारायला शिकायला लागले. पाठीला सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. दर रविवारी सकाळी एका शाळेचा पोहण्याचा तलाव भाड्यानं घेऊन वर्ग चालायचा आणि ईराला सांभाळायला हेमलताला बरोबर न्यायचे. शिकवणारी रक्षिता नावाची तिशीची मुलगी होती, चामराजपेटची. तिचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, पण तिला कन्नडचा असा काही मुलामा चढला की हेमलताला पहिले दोन रविवार निम्मंच कळायचं. एका रविवारी एक शिकणारा आला नाही. सगळं सामान काठावर पडून होतं. रक्षितानं हेमलताकडे बघितलं आणि म्हणाली, अक्का, येता काय?

हेमलता मूळची सांगलीची. तिच्या वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून तिला कृष्णेत ढकललं होतं. बाराव्या वर्षी ती उन्हाळ्यात पलीकडच्या सांगलवाडीच्या काठाला हात लावून परत येत असे, आणि घाटावरची पोरं तोंडात बोट घालून बघत. लग्नानंतर काही वर्षांनी ते सगळं बंद झालं. का झालं ते पुढे येईलच. पण त्या रविवारी ती तळाशी जाऊन बसली आणि तिला वाटलं, इतकी वर्षं मी होते कुठं? पाण्याखाली कुणी चहा मागत नव्हतं, माझा चष्मा कुठंय म्हणून विचारत नव्हतं. तिथं नियम एकच, श्वास म्हणून रोखून धरायचा नाही, सारखा घेत-सोडत राहायचं. वर आल्यावर रक्षितानं सिलिंडरचा काटा बघितला आणि म्हणाली की इतकी कमी हवा वापरणारं माणूस मी या वर्षात बघितलं नाही; अक्का, तुम्ही स्वल्प पण घाबरला नाहीत.

त्यानंतर आठ रविवार हेमलता पाण्यात उतरली. परीक्षेचा कागद सोडवला, पन्नासात सत्तेचाळीस. समुद्रातल्या शेवटच्या बुड्या तेवढ्या बालीत व्हायच्या होत्या, त्या झाल्या की हातात प्रमाणपत्र. तिथं किनाऱ्याजवळ महायुद्धातलं एक बुडालेलं जहाज आहे आणि त्याच्या आत मासे राहायला आलेत, त्याचं चित्र तिनं फोनवर लावून ठेवलं होतं. या सगळ्या काळात ती ध्रुवला सांगत होती की मी पण उतरणार, आणि ध्रुव म्हणत होता, हो आई, बघू की. मराठी घरात ‘बघू’ म्हणजे काय असतं, हे तिला एकसष्टाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

ध्रुवनं मग चाचरत सांगितलं. बालीच्या त्या केंद्राचा एक अर्ज होता. त्यात प्रकृतीचे प्रश्न होते. घरातले सगळे अर्ज बाबा भरतात, म्हणून त्यानं सगळ्यांचे अर्ज बाबांकडे दिले. आणि बाबांनी आईच्या अर्जात, दमा आहे का, या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलं. ‘सन १९९८ पासून’ असंही लिहिलं. इतकंच नाही, कुणी मागितलेलं नसताना कंपनीच्या दवाखान्यातलं एकवीस वर्षांचं सगळं दप्तर स्कॅन करून जोडलं. केंद्रानं उलट टपाली कळवलं, येत्या शनिवारच्या आत छातीच्या डॉक्टरचं पत्र पाठवा, नाहीतर या बाईंना आम्ही पाण्यात घेणार नाही. तर ध्रुवनं विचार केला, कशाला उगाच. आईच्या जिवापेक्षा काय मोठं आहे?

“मला दमा नाही,” हेमलता म्हणाली.

केतकी समजुतीचं हसली. ध्रुव म्हणाला की आई, मी लहानपणापासून बघतोय ना. आणि तेवढ्यात उपेंद्ररावांनी बडीशेपेचा बकाणा भरला, दोनदा चावला आणि अगदी मायेनं म्हणाले:

“अगं, आहे की तुला थोडासा.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हेमलताला दमा नाही, कधीच नव्हता, हे अख्ख्या जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक जण आत्ता बडीशेप खात होता.

त्याचं असं झालं होतं. उपेंद्रराव सरकारी कंपनीत इंजिनिअर होते, तपासणी विभागात. तयार झालेल्या यंत्रातली चूक शोधायची, ही त्यांची नोकरी आणि हाच त्यांचा स्वभाव. लग्नाच्या पत्रिकेतलं शुद्धलेखन ते पेननं दुरुस्त करून मग पत्रिका फ्रिजवर लावत. रिक्षावाल्यानं लांबचा रस्ता घेतला तर किती मीटर लांबचा ते सांगत. चूक दिसली आणि ते गप्प बसले असं कधी झालं नाही. पंगतीत वाढणाऱ्याला, अहो आधी मीठ, म्हणून हटकणारा माणूस. पस्तीस वर्षांत त्यांनी ऑफिसची एक पेन्सिल घरी आणली नाही. निरोपसमारंभात साहेबांनी तेच सांगितलं, स्वच्छ रेकॉर्ड, आणि हेमलता पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

अठ्ठ्याण्णव साली त्यांची बदली उत्तरेकडच्या युनिटला निघाली. ध्रुव दुसरीत होता, कॉलनीतलं घर नुकतंच मिळालं होतं. उपेंद्रराव आठवडाभर जेवले नाहीत. मग बिंदुमाधव नावाच्या एका सहकाऱ्यानं, जो आता हयात नाही, वाट दाखवली. बायकोची प्रकृती हे कारण चालतं. तिथल्या थंडीत आणि धुक्यात दम्याच्या माणसाला पाठवत नाहीत. फक्त बायकोला वैद्यकीय मंडळापुढे उभं राहावं लागेल.

हेमलतानं हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, तिलाही जायचं नव्हतं, हे ती आजही मान्य करील. तीन संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लावून तालीम झाली. उपेंद्ररावांनी ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचलं होतं. ती श्वास आत ओढताना घरघर करायची, आणि ते म्हणायचे, असं नाही, आत घेताना नाही, सोडताना वाजला पाहिजे, आणि शेवट लांबव. हाताच्या बोटांनी ते ताल धरत. चौथ्या दिवशी ती तीन डॉक्टरांपुढे उभी राहिली आणि असा काही श्वास सोडला की त्यातल्या एकानं उठून तिला खुर्ची दिली. बदली रद्द झाली. त्या दिवशी घरी बासुंदी केली होती, आणि दोघं पोट धरधरून हसले होते.

हसून संपलं असतं तर गोष्ट वेगळी. पण रेकॉर्ड सांभाळावं लागतं. पुढे कधी तपास झाला तर? म्हणून दर दोन महिन्यांनी उपेंद्रराव दवाखान्यातून तिच्या नावावर दम्याचा पंप आणायचे आणि कपाटात ठेवायचे. कॉलनीत शंभर डोळे. मग सव्वीस जानेवारीच्या बायकांच्या धावण्याच्या शर्यतीत हेमलता खुर्चीवर. बायकांच्या मंडळाची डोंगरावर सहल गेली तेव्हा हेमलता बसमध्ये. कॉलनीत अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी पोहण्याचा तलाव होता, चांगला निळाशार, घरापासून तीनशे पावलांवर. एकवीस वर्षं ती त्याच्या जाळीशेजारून दूध आणायला गेली आणि एकदाही आत गेली नाही. दम्याची बाई पोहताना दिसली तर? लहान मुलाला हे नाटक सांगता येत नाही, मुलं शाळेत बोलून जातात. म्हणून ध्रुव आईला दमा आहे हे धरूनच मोठा झाला. पळताना तो मागं वळून म्हणायचा, आई, तू नको पळूस हां. आणि ती थांबायची.

उपेंद्रराव निवृत्त झाले, कॉलनी सुटली, ध्रुवच्याच आवारात ‘बी’ इमारतीत घर घेतलं. हेमलताला वाटलं, सुटले बाई एकदाची, आता कुणाला दाखवायचाय दमा? पण दमा घरातल्या माणसासारखा सामानाबरोबर आला होता. ‘अगं, आहे की तुला थोडासा’ म्हणून तो आता बडीशेपेशी बसला होता.

घरी परत येऊन तिनं चप्पल काढायच्या आधी विचारलं. हे काय होतं? उपेंद्रराव म्हणाले, काय काय होतं? ती म्हणाली, मला दमा आहे? ते म्हणाले की त्या वेळी तुला खोकला होताच. आणि तुला कांदे-मिरचीच्या फोडणीनं ठसका लागतो. ती बघतच राहिली. फोडणीनं ठसका लागत नाही असा एक माणूस सांगलीपासून बंगळुरूपर्यंत दाखवा म्हणावं. तिनं तालमीची आठवण करून दिली, स्वयंपाकघर, लावलेलं दार, बासुंदी. उपेंद्ररावांनी कपाळाला आठी घातली, जुनं काही आठवत नसलेल्या माणसासारखी, आणि म्हणाले, “रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. एकवीस वर्षांचं आहे. ते उगाच होत नाही.”

तिला कळेना की हा माणूस खोटं बोलतोय की खरंच विसरलाय. खोटं असेल तर संताप येत होता. विसरला असेल तर त्याहून जास्त. म्हणजे माझी शर्यत गेली, डोंगर गेला, तलाव गेला, आणि ज्याच्यासाठी गेला त्याला पत्ताच नाही? स्वतःचं रेकॉर्ड स्वच्छ ठेवायला यानं आपलं खोटं माझ्या छातीत भरून ठेवलं, आणि आता म्हणतो ते तुझंच आहे.

सोमवारी तिनं ध्रुवला फोन करून सगळं सांगून टाकलं. ध्रुव शांतपणे ऐकत होता, मीटिंगमध्ये ऐकतात तसा. शेवटी म्हणाला की आई, तुला जायचंय म्हणून तू असं म्हणतेयस, मला कळतंय गं, पण बाबा कधी खोटं कागदपत्र करतील का? करतील का, सांग. हेमलतानं फोन ठेवला. रेकॉर्ड एवढं स्वच्छ होतं की पोटच्या पोराला आईवर विश्वास ठेवता येईना.

मंगळवारी तिनं रक्षिताला गाठलं. रक्षिताच त्यांच्या बरोबर बालीला यायची होती. ती म्हणाली, अक्का, अर्ज गेला तो गेला, माझ्या हातात नाही. पण छातीच्या डॉक्टरचा कागद आणा, सरी, म्हणजे झालं, मग मी स्वतः तुमची जोडीदार होऊन उतरते. तिनंच एका डॉक्टरांचं नाव दिलं. हेमलतानं गुरुवारची वेळ घेतली, आणि ध्रुवला सांगितलं की गाडी घेऊन ये. उपेंद्रराव म्हणाले, मी पण येतो, फाईल कुणीतरी नीट समजावून सांगायला पाहिजे. ती म्हणाली, याच.

तीन दिवस ती घरात जेवढ्यास तेवढं बोलली. भांडी जरा जास्त जोरात ठेवली गेली. उपेंद्ररावांनी एकदा सांगितलं की झाकण असं आपटलं की त्याची कड वाकते, आणि तिनं ते परत आपटलं.

दवाखान्यात बाहेर बरीच गर्दी होती. उपेंद्रराव मांडीवर फाईल घेऊन बसले होते, लेकीच्या लग्नाच्या याद्यांची वही असावी तशी सांभाळून. पाच मिनिटं गप्प बसले असतील. मग उठून त्यांनी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागं आहे. ती म्हणाली, ओके सर. ते परत येऊन बसले, पण चैन पडेना. सूचनाफलकावर ‘बुधवार बंद’च्या इंग्रजी अक्षरांत एक ‘डी’ राहिला होता. ते पुन्हा उठले, खिशातून पेन काढलं आणि तो भरून आले. ध्रुव फोनमध्ये तोंड घालून हसला. हेमलता हसली नाही. ती नवऱ्याच्या त्या पेनकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात काहीतरी हळूच जागेवर बसलं.

डॉक्टर तरुण होत्या, केरळकडच्या असाव्यात, इंग्रजीत बोलत होत्या. त्यांनी आधी हेमलताला यंत्रात फुंकायला लावलं, तीनदा. मग औषध देऊन परत तीनदा. मग दोन मजले जिने चढ-उतार करायला लावले आणि परत फुंकायला लावलं. कागद हातात घेऊन त्या म्हणाल्या की या वयात अशी फुप्फुसं मी रोज बघत नाही. हेमलताला वाटलं, झालं काम. पण डॉक्टरांनी मग फाईल उघडली. उपेंद्रराव पुढे झुकून पानं दाखवत होते. प्रत्येक वर्षाला वेगळा रंगीत कागद चिकटवलेला होता. डॉक्टरांचा चेहरा बदलत गेला. एकवीस वर्षं पंप. त्या म्हणाल्या, आज सगळं ठीक आहे, पण एकवीस वर्षं औषध घेतलेल्या माणसाला दमा नव्हता असं मी लिहून देऊ शकत नाही. पाण्याखाली झटका आला तर वर यायला वेळ मिळत नाही. हा इतिहास चुकीचा असेल, तर गोष्ट वेगळी.

“चुकीचा आहे,” हेमलताही इंग्रजीत म्हणाली. “मी एक पंप कधी तोंडाला लावला नाही.”

डॉक्टरांनी उपेंद्ररावांकडे बघितलं. हेमलतानंही बघितलं. आत्ता, तिच्या मनात आलं, आत्ता बोल माणसा, एक वाक्य. अजूनही मी सोडून देईन. उपेंद्ररावांनी फाईल बंद केली, तिच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाले की तिला सहलीला जायची फार हौस आहे, म्हणून ती असं म्हणते. ध्रुव मागं उभा होता, त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला.

डॉक्टर चांगल्या होत्या, घाईच्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, झटका यायचा तेव्हा नेमकं काय व्हायचं? उपेंद्रराव सांगायला लागले, पण त्यांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाल्या, त्यांना सांगू द्या.

“सांगत नाही, करून दाखवते,” हेमलता म्हणाली.

ती खुर्चीत ताठ बसली, खांदे वर घेतले आणि श्वास आत ओढला. आत ओढताना घरघर केली, मोठ्यांदा, गिरणीच्या पट्ट्यासारखी. आणि सोडताना काहीच आवाज नाही. अगदी चुकीचं, पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात केलं होतं तसं. ध्रुव घाबरून पुढे आला. हेमलताची नजर मात्र नवऱ्याच्या हातावर होती. फाईलवरचं त्यांचं बोट हललं, एकदा, आणि थांबलं.

तिनं परत केलं. आणखी वाईट. आत घेताना दोनदा घरघर, मध्येच शिट्टी, शेवट तोडून टाकलेला. इतकं भिकार नाटक तिनं आयुष्यात केलं नव्हतं. उपेंद्ररावांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. ती तिसऱ्यांदा श्वास घ्यायला लागली आणि त्यांना राहवलंच नाही.

“असं नाही,” ते मराठीत म्हणाले, “आत घेताना नाही, सोडताना वाजला पाहिजे, आणि शेवट लांबव.” आणि त्यांची बोटं टेबलावर ताल धरून होती.

उपेंद्ररावांनी आपल्या बोटांकडे बघितलं आणि हात मांडीवर घेतला.

डॉक्टरांना मराठी येत नव्हती. त्यांनी ध्रुवला विचारलं, तुमचे वडील काय म्हणाले? ध्रुवचं तोंड उघडं होतं. तो वडिलांकडे बघत होता, ज्या माणसानं त्याला आठवीत, हजेरीपुस्तकात चुकून लागलेली एक जादा हजेरी खोडून यायला परत शाळेत पाठवलं होतं, त्या माणसाकडे. मग त्यानं भाषांतर केलं. शब्दाला शब्द केलं, काही गाळलं नाही. आईनं फोनवर सांगितलेलं सगळं मग तो आपणहून सांगत गेला, बदली, स्वयंपाकघर, तीन डॉक्टर. बासुंदीसुद्धा.

हेमलताला वाटलं होतं की हे झालं की आपला राग उतरेल. उतरला नाही. उलट तो आता नीट, पाय रोवून उभा राहिला. कारण आता शंका उरली नव्हती. हा माणूस विसरलेला नव्हता.

डॉक्टरांनी एक कोरा कागद उपेंद्ररावांपुढे सरकवला. त्या म्हणाल्या की मी पोलीस नाही आणि तुमच्या जुन्या कंपनीला पत्र पाठवणार नाही. पण मला माझ्या फाईलला कारण पाहिजे. जे झालं ते लिहा, सही करा, मी या बाईंच्या आजच्या तपासण्यांवर सही करते. उपेंद्ररावांनी कागद टेबलाच्या कडेशी समांतर लावला. हेमलतानं त्यांना पाणी विचारलं नाही, लिहा म्हणूनही सांगितलं नाही. शेवटी त्यांनी पेन काढलं, तेच, ‘डी’ भरलेलं, आणि काळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहायला लागले. माझ्या पत्नीला दमा नव्हता व नाही. वैद्यकीय मंडळापुढे केलेलं सादरीकरण माझ्या सांगण्यावरून होतं. पुढे तारीख घालायची होती. हेमलता बघत होती, आता विचारतील, साल कुठलं गं, महिना कुठला? त्यांनी न थांबता लिहिलं: १४ सप्टेंबर १९९८, सोमवार, सकाळी साडेदहा.

तिनं ते वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. वारासकट माहीत होतं. सत्तावीस वर्षं वारासकट माहीत होतं आणि बडीशेप खात होता.

परत येताना ध्रुव गाडी चालवत होता. आनेकलकडून कारखान्यांच्या बस भरून येत होत्या, सिग्नलला गाडी अडकून पडली. उपेंद्रराव पुढच्या सीटवर होते, रिकाम्या हातांनी. फाईल त्यांनी दवाखान्यातच ठेवली होती की विसरली होती, कुणी विचारलं नाही. हेमलता मागं डॉक्टरचं पत्र मांडीवर घेऊन बसली होती. ध्रुव आरशात बघून दोनदा ‘आई’ म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिनं त्याला तोडलं.

“घरी गेल्यावर तो तक्ता उघड. जिथं जिथं ईरा आजीबरोबर लिहिलंय, तिथं आजोबा लिही. स्वयंपाकाच्या वर्गालासुद्धा. नऊच्या नऊ दिवस.”

ध्रुव हो म्हणाला. सिग्नल सुटला. थोडं पुढं गेल्यावर उपेंद्रराव समोरच्या काचेकडे बघत, अगदी हळू आवाजात बोलले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ते माफी मागतील असं ध्रुवला वाटलं असावं, कारण त्यानं गाडीचा वेग कमी केला.

“आठ,” ते म्हणाले. “पहिला दिवस प्रवासाचा आहे.”

“नऊ,” हेमलता म्हणाली. “विमानातसुद्धा ती तुमच्या मांडीवर बसेल.”